विलीनीकरण मागणारा नेमकं काय मागत होता?

एसटी महामंडळ राज्य सरकारात विलीन करा, म्हणजे आम्हाला सरकारी कर्मचारी करा, या मागणीसाठी एसटी कर्मचारी संपावर होते. २४ नोव्हेंबर २०२१ ला राज्य सरकारने त्यांना वेतनवाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांच्या मूळ वेतनात पाच हजार, दहा ते वीस वर्षंवाल्यांना चार हजार, त्यापुढच्यांना अडीच हजार. शिवाय दर महिन्याला दहा तारखेच्या आत पगार होईल, अशी हमी. एसटीच्या इतिहासात इतकी मोठी वाढ एका फटक्यात कधी मिळाली नव्हती. दुसऱ्या दिवशी आझाद मैदानातून संपाला साथ देणारे राजकीय पुढारी निघून गेले. मंत्रालयात सगळ्यांना वाटलं, सुटलो.

कर्मचारी मात्र उठले नाहीत. बहुतेक आगारांची फाटकं बंदच राहिली. पुढे निलंबन झालं, बडतर्फी झाली, सरकारने नेमलेल्या तीन सचिवांच्या समितीने विलीनीकरण शक्य नाही असा अहवाल दिला, तरी संप चालूच. शेवटी उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हा, असं सांगितलं तेव्हा गाड्या पूर्ववत धावू लागल्या. साडेपाच महिने गेले होते. तोवर कित्येक कर्मचाऱ्यांनी आयुष्य संपवलं होतं.

पैसे वाढवून दिले, तरी माणसं का उठली नाहीत? तेव्हा सगळीकडे दोनच उत्तरं ऐकू येत होती. एक, त्यांना भडकवलं गेलं. दोन, त्यांना आणखी पैसे हवे होते. दोन्हींत थोडं थोडं खरं आहे. पण मला वाटतं, सरकारने त्या दिवशी जे उत्तर दिलं, तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. आणि ही चूक एका मंत्र्याची किंवा एका सरकारची नाही. एवढी मोठी संस्था कायम एकाच खिडकीतून बघण्याची आपली जी सवय आहे, तिची ही चूक आहे.

मी शिक्षक असताना वर्षानुवर्षं एसटीने अप-डाउन केलं. रोजच्या गाडीत चालक-वाहकांशी जेवढ्या गप्पा होतात, तेवढ्याच माझ्या झाल्या. एसटीचा तज्ज्ञ वगैरे मी नाही. पण केबिनजवळच्या सीटवरून जे दिसतं, ते मुंबई सेंट्रलच्या मुख्यालयातून दिसत नाही, एवढं नक्की. उलटही खरं आहे, आणि ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

मुख्यालयातून काय दिसतं? आकडे दिसतात, आणि ते खोटे नसतात. सुमारे पंधरा हजार गाड्या, अडीचशे आगारं, तेव्हा नव्वद हजारांवर कर्मचारी. तिकिटामागे साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारजमा करायचा. डिझेलचे भाव आपल्या हातात नाहीत, भाडं वाढवायचं तर परवानगी हवी, आणि संचित तोटा आता दहा हजार कोटींच्या वर गेलेला. अशा खुर्चीत बसलेला अधिकारी भारमान, म्हणजे गाडीतल्या किती टक्के सीट भरल्या ते, बघणार, दर किलोमीटरचं उत्पन्न बघणार, केपीटीएल बघणार. केपीटीएल म्हणजे दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली, तो आकडा. तो घसरला की आगारप्रमुखाला फोन येतो आणि आगारप्रमुख चालकाला बोलावतो. यात कुणाचा दुष्टपणा नाही. डिझेल हा एसटीच्या सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक आहे, तो मोजायलाच हवा.

आता तोच आकडा चालकाच्या सीटवर बसून बघा. गाडी जुनी, घाटाचा रस्ता, शाळा सुटल्यावरची गर्दी, प्रत्येक फाट्यावर थांबा. ‘केपीटीएल गाडीचं असतं की माझं?’ असं एका चालकाने मला विचारलं होतं. ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गाडीच्या वयाचा, रस्त्याच्या खड्ड्यांचा, वर्कशॉपमध्ये न मिळालेल्या स्पेअर पार्टचा हिशेब शेवटी त्याच्या नावावर लागतो. वाहकाचंही तसंच. सुट्ट्या पैशांवरून प्रवाशांशी रोजची वादावादी, आणि तपासणी पथकाला गाडीत एक जरी विनातिकीट प्रवासी सापडला तर रिपोर्ट. गाडीत साठ-सत्तर माणसं कोंबलेली असताना मागच्या दारापर्यंत पोचायचं कसं, हे रिपोर्टात लिहायला जागा नसते.

मुक्कामी गाडीचं तर वेगळंच. रात्री शेवटच्या गावात गाडी लावायची, तिथेच कुठेतरी झोपायचं, पहाटे निघायचं. जिथे ग्रामपंचायतीने खोली दिली तिथे बरं, नाहीतर गाडीतल्याच सीटवर. गावाला मात्र या गाडीचं केवढं कौतुक असायचं. गाडी आली की दिवस संपला, गाडी निघाली की सुरू झाला. लोक तिच्यावर घड्याळ लावत. चालक-वाहकांना कुणीतरी भाकरी आणून देई. त्या दोघांना पगार कुठून येतो, हा प्रश्न गावात कुणाला पडतच नसे. ते ‘सरकारी’ होते.

हा शब्द महत्त्वाचा आहे. संपाचं सगळं मूळ त्यात आहे असं माझं मत आहे.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली. तेव्हापासून ती लोकांच्या दृष्टीने सरकारचीच. खाकी कपडे, लाल गाडी, ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे ब्रीद. निवडणूक आली की मतदान यंत्रं आणि कर्मचारी केंद्रावर पोचवायला एसटी. पूर आला की माणसं हलवायला एसटी. आषाढीला पंढरपूर, गणपतीला कोकण, जादा गाड्या एसटीच्या. २०२० च्या टाळेबंदीत परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडायला एसटी, मुंबईत बेस्टच्या मदतीला सांगली-साताऱ्याकडून बोलावलेले चालक-वाहक एसटीचे. आणि कुठल्याही कारणाने बंद पुकारला की पहिली काच फुटते ती एसटीची, कारण दगड मारणाऱ्याच्या लेखी ती सरकारची गाडी असते.

मग पगाराचा दिवस येतो, आणि त्या दिवशी कळतं की आपण सरकार नाही. आपण महामंडळ आहोत. २०२० च्या दिवाळीच्या तोंडावर तीन महिन्यांचे पगार थकले होते. त्याच गावात राहणाऱ्या तलाठ्याचा, शिक्षकाचा, पोलिसाचा पगार थकत नव्हता. निवृत्तीनंतर त्यांना एक पेन्शन आणि एसटीवाल्याला भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली दोन-तीन हजारांची. एके काळी ‘मुलगा एसटीत आहे’ म्हटलं की स्थळ लगेच जमायचं. हळूहळू सोयरीक बघणारेच विचारू लागले, पगार वेळेवर होतो का?

कामाच्या वेळी सरकार आणि पगाराच्या वेळी महामंडळ. विलीनीकरण मागणारा माणूस म्हणत होता, की या दोनांतलं एक काय ते ठरवा. त्याच्या मागणीत पैसा होताच. सातव्या वेतन आयोगाची आशा होती, पेन्शनची होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पैसा हा त्या मागणीचा पुरावा होता, मागणी नव्हती. म्हणून पाच हजार रुपये मिळूनही तो तिथेच बसून राहिला. सरकारने रक्कम वाढवली, त्याने मागितलं होतं नाव.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट इथे आठवते. पण ती पुरत नाही. त्या गोष्टीतल्या आंधळ्यांना हत्ती हाकायचा नव्हता. इथे प्रत्येकाच्या हातात हत्तीचा एकेक अंकुश होता.

व्यवस्थापनशास्त्र शिकवणारे संस्थेकडे बघायच्या चार चौकटी सांगतात. रचना, माणसं, सत्तेची ओढाताण, आणि चिन्हं म्हणजे संस्थेच्या नावाशी, गोष्टींशी, अभिमानाशी जोडलेला अर्थ. वर्गात हे फार सोपं वाटतं. चार रकाने आखले, भरले, झालं. प्रत्यक्षात चारही रकाने एकमेकांत सांडलेले असतात. केपीटीएल ही रचनेतली गोष्ट, पण ती चालकाच्या अपमानापर्यंत पोचते तेव्हा चिन्हांतली होते. वेतनवाढ ही माणसांची गोष्ट, पण ती संप फोडण्यासाठी जाहीर केली अशी शंका आली की लगेच सत्तेची होते.

सत्तेच्या बाजूबद्दल फार लिहीत नाही, कारण तेव्हा वर्तमानपत्रांत तेवढंच छापून येत होतं. विरोधकांनी संपाला हात दिला, वाढ जाहीर होताच काढून घेतला. सत्ताधारी कोण आणि विरोधक कोण, हे पुढे सात-आठ महिन्यांत बदललंच. खरी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच, की एसटीतल्या वीस-पंचवीस संघटना या संपात बघता बघता बाजूला पडल्या. मान्यताप्राप्त संघटनेशी बोलणी करून मिटवायचं, ही सरकारची नेहमीची वाट होती. यावेळी त्या वाटेवर पलीकडून कुणी येतच नव्हतं. २०१७ च्या दिवाळीतला संप चार दिवसांत मिटला, तेव्हा संघटनांच्या हातात दोर होता. चार वर्षांत तो सुटला आणि मुख्यालयात कुणाला पत्ता लागला नाही. ज्या खिडकीतून फक्त सह्या करणारे पदाधिकारी दिसतात, तिच्यातून आगारातला माणूस दिसत नाही.

बरं, विलीनीकरण अशक्य होतं का? आंध्र प्रदेशाने १ जानेवारी २०२० पासून आपल्या एसटी कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेत घेतलं होतं. आपल्याकडच्या आंदोलनात आंध्रचं नाव सारखं यायचं ते त्यामुळेच. तेलंगणात २०१९ मध्ये याच मागणीसाठी पन्नासहून जास्त दिवस संप झाला, मुख्यमंत्र्यांनी हजारो कर्मचाऱ्यांनी स्वतःहून नोकरी सोडली असं जाहीर करून टाकलं, आणि त्याच मुख्यमंत्र्यांच्या सरकारने २०२३ मध्ये विलीनीकरणाचं विधेयक मंजूर केलं. म्हणजे ही मागणी वेडगळ नव्हती. तरी मी विलीनीकरणाच्या बाजूचा नाही. उद्या दुसरं महामंडळ, परवा तिसरं, हा आक्षेप खराच आहे. शिवाय सरकारी खातं झाल्यावर गावची गाडी वेळेवर सुटेल, याची खात्री मला कुणी देऊ शकलेलं नाही. पण ‘नाही’ म्हणायच्याही पद्धती असतात. समितीच्या अहवालातून, न्यायालयात सादर केलेल्या कागदातून ‘नाही’ म्हणणं वेगळं. तुम्ही सरकारची कामं करता, त्याचा मोबदला आणि मान सरकार असा असा देईल, असं आगाराच्या आवारात उभं राहून सांगणं वेगळं. त्या साडेपाच महिन्यांत हे दुसरं कुणी केल्याचं मला आठवत नाही.

गंमत म्हणजे कायद्यातच ही ओढाताण लिहून ठेवली आहे. ज्या १९५० च्या केंद्रीय कायद्याखाली अशी महामंडळं चालतात, त्याचं २२ वं कलम म्हणतं की महामंडळाने व्यावसायिक तत्त्वांवर काम करावं. आणि गाडीवरचं ब्रीद म्हणतं, बहुजन हिताय. पंचाहत्तर वर्षं आपण दोन्ही वाक्यं एकाच गाडीला चिकटवून ती पळवतो आहोत. कधी एक वाक्य पुढे करायचं, कधी दुसरं, जे त्या दिवशी सोयीचं असेल ते. तोटा झाला की कलम आठवतं, निवडणूक आली की ब्रीद.

सवलतींचंच बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरच्यांना मोफत प्रवास, १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. दोन्ही निर्णय मला पटतात. अर्ध्या तिकिटामुळे माझ्या गावातल्या बायका पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने माहेरी जाऊ लागल्या, बाजाराला जाऊ लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. या सवलतींचे पैसे सरकार एसटीला देतं. पण कधी देतं? एप्रिल २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या हातात आदल्या महिन्याचा आधी ५६ टक्केच पगार पडला, कारण सवलतीची पूर्ण रक्कम आली नव्हती. बाईचा प्रवास अर्ध्या तिकिटात, वाहकाचा संसार अर्ध्या पगारात. एकच निर्णय प्रवाशाच्या सीटवरून बघितला तर उपकार, वाहकाच्या पिशवीकडून बघितला तर उसनवारी. या दोघांना एकाच वेळी समोर ठेवणारं कुणी असतं, तर योजनेसोबत तिची रक्कम अमुक तारखेला जमा होईल, ही एक ओळ शासन निर्णयात पक्की आली असती.

आता कर्मचाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हा लेख एकाच खिडकीतला होईल. संपातल्या माणसांनाही एक बाजू दिसत नव्हती, ती प्रवाशांची. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाची मोफत पासची योजना आहे. ज्या गावाला दुसरं वाहन नाही, तिथली मुलगी त्या पासवर शाळेत जाते. करोनानंतर शाळा नुकत्याच उघडत होत्या आणि गाडी बंद. वडापवाला, म्हणजे खासगी जीपवाला, पास घेत नाही. किती मुलींची शाळा त्या हिवाळ्यात सुटली, ते मला माहीत नाही, पण माझ्या शेजारच्या वाडीतली एक तरी सुटली. ‘वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन’ म्हणणाऱ्या प्रवाशाने साडेपाच महिने वाट पाहिली. काहींनी तेवढ्यात हप्त्याने दुचाकी घेतली आणि ते परत आलेच नाहीत. विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळीने आणि आमच्याकडे वडापने जे मार्ग तेव्हा बळकावले, ते सगळे एसटीला परत मिळाले असं दिसत नाही. आपल्या मानासाठी भांडताना आपला मान कुणामुळे आहे, हे आगारातला माणूसही विसरला होता. हे मी त्यांच्यातल्या दोघा-तिघांना तोंडावर सांगितलं आहे. एक रागावला. दुसरा म्हणाला, ‘सर, बरोबर आहे, पण आमच्याकडे बंद करायला दुसरं काय आहे?’ याचं उत्तर मला देता आलं नाही.

कुणी म्हणेल, सगळ्यांच्या बाजूने बघत बसलं तर निर्णय कधी घ्यायचा? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. सगळ्या बाजू समजून घेण्याच्या नावाखाली समित्या नेमून वेळ काढणारे अधिकारी आपण पुष्कळ पाहिले आहेत. मी त्यांची वकिली करत नाही. बाजू बघायच्या त्या सगळ्यांना खूश करायला नव्हे. आपण घेतलेल्या निर्णयाचा दगड कुणाच्या काचेवर जाऊन पडणार, हे आधी माहीत असावं म्हणून बघायच्या. गाड्या तोट्यात आहेत म्हणून एखादी फेरी बंद करायचीच असेल, तर करा. पण मग त्या गावाला जाऊन सांगा, वाहकाला आधी सांगा, शाळेला विचारा. निर्णय तोच राहील, त्याचं वजन बदलेल.

आणि हे एका माणसाच्या समजूतदारपणावर सोडून चालणार नाही. सनदी अधिकारी येतात, एसटी समजू लागते तोवर त्यांची बदली होते. संपाच्या काळात परिवहन मंत्री हेच महामंडळाचे अध्यक्ष होते. म्हणजे मालक, नियम करणारा आणि वाटाघाटी करणारा, तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस. तो कितीही हुशार असला तरी त्याने स्वतःशी वाद घालायचा तो कसा? संचालक मंडळावर आगारातून निवडून आलेला एक चालक किंवा वाहक बसवा, आणि एक रोज पास काढणारा प्रवासी. त्यांना मताधिकार द्या. आगारप्रमुखाला आपल्या भागातल्या फेऱ्या, शाळांच्या आणि बाजाराच्या वेळा बघून हलवायचा खरा अधिकार द्या. सवलतीची रक्कम दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जमा झाली की नाही, ते आगाराच्या फळ्यावर लावा. केपीटीएलच्या शेजारीच लावा म्हणजे कुणाचं इंधन कुठे गळतं, ते सगळ्यांना दिसेल.

मंत्री हल्ली बसस्थानकांना अचानक भेटी देतात. स्वच्छतागृहं बघतात, कॅमेऱ्यासमोर कुणाला तरी झापतात. स्वच्छतागृहं बघायलाच हवीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकदा दुपारची भेट सोडून त्यांनी संध्याकाळी एखाद्या मुक्कामी गाडीत बसावं, बरोबर कुणी न घेता. शेवटच्या गावात चालक-वाहक जिथे झोपतात, तिथे झोपावं. पहाटेच्या फेरीला दुधाच्या दोन किटल्या असतात, तालुक्याच्या दवाखान्यात तपासणीला निघालेली एखादी म्हातारी असते, दप्तर मांडीवर घेऊन पेंगणाऱ्या तीन-चार मुली असतात. त्यांतल्या एकीचंही तिकीट पूर्ण पैशांचं नसतं. तालुक्याला पोचल्यावर वाहक मशीनमधून ट्रिपचा कागद काढतो आणि त्यावर भारमान छापून येतं. ते फार कमी असतं.